धंदा वाढतोय आणि मालक थकतोय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. मी स्वतः बारा वर्षं छपाई आणि बांधणीचं छोटं युनिट चालवलं. सात माणसं होतो, त्यामुळे उत्तरांत तिथले अनुभव येतील. वेळ कमी असेल तर प्रश्न ३ आणि ७ आधी वाचा. अंगात त्राणच उरलं नसेल तर थेट प्रश्न १९ वर जा, बाकीचं नंतर.

१. ऑर्डरी वाढल्या, उलाढाल वाढली, मग मी आधीपेक्षा जास्त का दमतोय?

कारण उलाढालीबरोबर तुमच्यापाशी येणारे निर्णयही वाढले आणि तुम्ही मात्र एकटेच राहिलात. छोट्या धंद्यात कोटेशन मालक देतो, माल मालक मागवतो, तक्रार मालक ऐकतो, चेकवर सहीही त्याचीच. महिन्याला दहा ऑर्डरी असताना हे जमून जातं. पंचवीस झाल्या की प्रत्येक कागद तुमच्या टेबलावर येऊन अडतो. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात कारखान्यांबद्दल हेच मांडलं होतं: सगळ्यात अडलेल्या जागेतून जेवढं काम पुढे सरकतं, तेवढंच अख्ख्या कारखान्यातून बाहेर पडतं. तुमच्याकडे ती अडलेली जागा म्हणजे तुम्ही स्वतः.

रांगेचं एक गणित इथे फार उपयोगी पडतं. समजा तुमच्याकडच्या प्रत्येक कामाला सरासरी अर्धा तास लागतो आणि कामं कधी एकदम, कधी थांबून थांबून येतात. सर्वात साध्या सूत्राने पाहिलं तर तुमचा ८० टक्के वेळ भरलेला असताना नव्या कामाला सरासरी दोन तास ताटकळावं लागतं. ९० टक्के भरला की साडेचार तास. ९५ टक्क्यांना साडेनऊ तास. शेवटच्या थोड्याशा भरीने रांग कैक पटींनी लांबते. "दोनच ऑर्डरी जास्त घेतल्या आणि सगळं कोलमडलं" असं लोक मला सांगतात तेव्हा ते खरंच तसंच झालेलं असतं. त्यांच्यात काही कमी पडलेलं नसतं.

२. हा नुसता थकवा आहे की बर्नआउट? कसं ओळखू?

थकवा विश्रांतीने उतरतो. चार दिवस नीट झोप मिळूनही काहीच फरक पडत नसेल तर सावध व्हा. १९७४ साली न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी हा शब्द वापरला तो मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल. जीव ओतणाऱ्यालाच हे होतं, हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात (अकरावी आवृत्ती, १ जानेवारी २०२२ पासून लागू) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. मालकाच्या भाषेत सांगायचं तर: सकाळी उठतानाच अंगात जोर नसणं, ज्या धंद्यावर जीव होता त्याचाच वीट येणं, आणि आपल्याला काही जमतच नाही असं वाटत राहणं.

तिन्ही खुणा काही आठवडे टिकल्या तर डॉक्टरांकडे जा. नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय यांतही माणूस असाच गळून जातो, आणि हे घरबसल्या ओळखता येत नाही. तासांचंही भान ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये केलेल्या पाहणीनुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

३. सुरुवात नेमकी कुठून करू? सगळंच एकदम पेटलंय.

एका वहीपासून. दोन आठवडे, जे काम हातात घ्याल त्याची वेळ आणि एक ओळ लिहा. मोबाइलमध्ये नको, तो उघडला की तुम्ही दुसरीकडे जाता. माझ्या वहीतली एका मंगळवारची सकाळ अशी होती:

९.१० कागदाचे गठ्ठे आले, मोजून घेतले. ९.२५ फोन: कालच्या बिलाची प्रत पुन्हा पाठवा. ९.३० मशीनवरून विचारणा, "ताई, निळा कालचाच ठेवू का?" ९.४० कोटेशन लिहायला घेतलं. ९.४६ फोन: बिलाची प्रत मिळाली नाही. ९.५५ कोटेशन. १०.०२ "ताई, पावतीपुस्तक संपलं." १०.१० कोटेशन. १०.१४ मशीन थांबलं, बघायला गेले.

त्या कोटेशनला वीस मिनिटं पुरली असती. ते सव्वाबाराला बाहेर पडलं आणि त्यात बेरीज चुकलेली होती. माझं काम कोटेशन देणं होतं. बाकी प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाला करता आली असती, फक्त मी तशी सोय केली नव्हती. वही लिहीपर्यंत मला हे दिसलंच नव्हतं.

दोन आठवडे झाले की प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मीच करायला हवं, हे शिकवलं तर दुसरं कुणी करेल, हे केलं नाही तरी चालेल. तिसऱ्या खुणेची कामं त्याच दिवशी बंद करा. दुसऱ्या खुणेच्या कामांसाठी पुढचे दोन प्रश्न आहेत.

४. शिकवत बसण्यापेक्षा मी स्वतः पटकन करून टाकतो. ते चूक आहे का?

एकदाच येणारं काम असेल तर बरोबर आहे. रोज येणाऱ्या कामाचा मात्र हिशेब करा. रोजची वीस मिनिटं, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १०० तास. शिकवायला दहा तास गेले, सुरुवातीच्या चुका निस्तरायला आणखी दहा गेले, तरी पहिल्याच वर्षी ८० तास हातात राहतात. आधी सोडायचं काम असं निवडा की जे वारंवार येतं, ज्यातली चूक लगेच दिसते आणि फारशी महाग पडत नाही. बिलांच्या प्रती पाठवणं, साठा मोजणं, तारखांची आठवण करून देणं, ही त्यातली. भाव ठरवणं आणि मोठ्या रकमा देणं शेवटी सोडा.

५. सोपवून पाहिलं. माणसं चुका करतात आणि शेवटी मलाच करावं लागतं. काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चुका बहुतेक वेळा यासाठी होतात की कामाची रीत फक्त तुमच्या डोक्यात असते. तुम्ही सांगता "नीट तपासून पाठव" आणि "नीट" म्हणजे काय ते समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा असते. अनुभवी माणूससुद्धा आठवणीच्या भरवशावर चुकतो. १९३५ साली अमेरिकेत बोइंगच्या नव्या विमानाची चाचणी सुरू असताना ते उड्डाणानंतर लगेच कोसळलं. वैमानिक मुरलेले होते. जमिनीवर उभ्या विमानाची शेपटीकडची नियंत्रणं वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला, एवढंच झालं होतं. त्यानंतर उड्डाणाआधी वाचायच्या यादीची पद्धत रुजली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं. माणसं तीच होती, हातात यादी आली.

तुमची यादीही तशीच एका पानाची हवी. ती तुम्ही लिहू नका. काम करून दाखवा आणि शिकणाऱ्याला लिहू द्या. त्याने काय गाळलं ते वाचलं की तुम्ही काय सांगितलंच नव्हतं ते कळतं. दुसऱ्या दिवशी त्याने ते पान बघून काम करायचं आणि तुम्ही गप्प बसायचं. गप्प बसणं खरंच अवघड आहे. मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. काम दिलं पण निर्णय दिला नाही, तर माणूस दर दहा मिनिटांनी विचारायला येणारच. प्रत्येक कामाला मर्यादा सांगून टाका: एवढ्या रकमेपर्यंत तू ठरव, मला सांगू नकोस; त्याच्यावर एवढ्यापर्यंत तू ठरव, संध्याकाळी सांग; त्याच्याही वर असेल तर आधी विचार. आमच्याकडे ही मर्यादा भिंतीवर लावल्यावर "ताई, हे कसं करू" हे वाक्य महिन्याभरात निम्म्यावर आलं.

आणि चूक झाली की काम परत ओढून घेऊ नका. एकदा ओढून घेतलंत की पुढच्या वेळी तो माणूस काळजी घेणं सोडतो, कारण शेवटी तुम्ही आहातच. चूक दाखवा, पानावर एक ओळ वाढवा, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. पान पक्कं आहे, मर्यादा स्पष्ट आहे, तीन महिने झाले आणि तरी तीच चूक होतेय, तर मग ते काम त्या माणसाच्या हातचं नाही. त्याला दुसरं काम द्या किंवा सन्मानाने निरोप द्या.

६. डिलिव्हरीच्या तारखा सतत चुकतात. रात्री जागूनही वेळ गाठता येत नाही.

तारीख देताना तुम्ही त्या एका कामाला किती दिवस लागतील ते बघता. त्याच्या पुढे उभी असलेली रांग बघत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम साधा आहे: हातातली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. हातात २४ ऑर्डरी आहेत आणि आठवड्याला सहा बाहेर पडतात, तर नव्या ऑर्डरीला साधारण चार आठवडे लागणार. गिऱ्हाईकाला दोन आठवडे सांगितले तर ते खोटंच ठरणार, तुम्ही कितीही जागलात तरी.

अंदाजही माणूस कायम कमीच लावतो. डॅनियल कानेमन आणि एमोस त्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं होतं. उपाय असा की मनाने अंदाज न लावता मागच्या दहा तशाच कामांना प्रत्यक्षात किती दिवस लागले ते बघा आणि तीच तारीख सांगा. एका वेळी सुरू असलेली कामं कमी करा. अर्धवट कामांचा ढीग म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

७. भाव वाढवले तर गिऱ्हाईक पळेल. मग माणूस ठेवायला पैसा कुठून आणू?

ही भीती मला ठाऊक आहे. मी चार वर्षं भाव वाढवले नव्हते. आता गणित बघा. समजा एका नगाची विक्री १०० ला होते आणि माल, मजुरी, वाहतूक असा त्या नगाचा खर्च ६० आहे. हातात ४० राहतात. १०० नग विकले तर ४,००० उरतात. भाव १० टक्क्यांनी वाढवलात तर प्रत्येक नगामागे ५० राहतील, आणि तेच ४,००० मिळवायला ८० नग पुरतील. म्हणजे तुमची वीस टक्के विक्री गेली तरी पैसा तेवढाच राहतो आणि कामाचा पाचवा भाग अंगावरून उतरतो. दमलेल्या मालकासाठी याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

उलटंही बघा. १० टक्के सूट दिलीत तर हातात ३० राहतात. तेवढ्याच पैशांसाठी आता १३४ नग करावे लागतील. एक तृतीयांश जास्त काम, जास्तीचा पैसा शून्य. सूट देऊन ऑर्डर मिळवणारे मालक सर्वांत आधी का थकतात, ते या दोन ओळींत आहे.

हिशेब करताना एक खर्च हमखास विसरला जातो: तुमचा स्वतःचा पगार. तुमच्या जागी कामाला माणूस ठेवला तर त्याला जेवढं द्यावं लागेल, तेवढी रक्कम खर्चात धरा. ती धरल्यावर नफा उणे येत असेल तर भाव आज चुकलेला आहे, उद्याची वाट बघू नका. सगळ्यांना एकदम वाढ सांगायचा धीर होत नसेल तर नव्या गिऱ्हाइकांपासून सुरू करा, जुन्यांना एक-दोन महिने आधी लेखी कळवा. कारणांची लांबण नको. "अमुक तारखेपासून हे दर लागू होतील" इतकं पुरतं.

अपवाद: तुमचा माल हुबेहूब दहा ठिकाणी मिळत असेल तर भाव वाढवून लगेच गिऱ्हाईक जाईल. तिथे आधी काहीतरी वेगळं द्यावं लागतं: वेळ पाळणं, लहान ऑर्डर घेणं, विक्रीनंतरची दुरुस्ती.

८. कागदावर नफा दिसतो, पण महिनाअखेरीला पगाराला पैसे नसतात. असं का?

पैसा वाटेत अडकलेला असतो. कच्चा माल सरासरी ३० दिवस पडून राहतो, विकल्यावर पैसे यायला ४५ दिवस, आणि तुम्ही पुरवठादाराला १५ दिवसांनी देता. तीस अधिक पंचेचाळीस वजा पंधरा, म्हणजे ६० दिवसांचा खर्च तुम्ही स्वतःच्या खिशातून पेलता. दिवसाचा खर्च १०० असेल तर ६,००० कायम अडकलेले. धंदा दीडपट झाला की ९,००० अडकणार. वाढीच्या काळातच चणचण होते ती यामुळे.

नवं कर्ज काढायच्या आधी हे दिवस कमी करा. बिल काम संपल्याच्या दिवशीच काढा (बिलं महिनाअखेरीला काढणारे कितीतरी जण पंधरा दिवस फुकट घालवतात), ऑर्डरीसोबत काही टक्के आगाऊ घ्या, वसुलीचे फोन आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी आणि तुमच्याऐवजी दुसऱ्याने करावेत. पुढच्या तेरा आठवड्यांत कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार असा एका पानाचा तक्ता करा. तो सोमवारी सकाळी दहा मिनिटं बघितला तरी रात्रीची निम्मी काळजी कमी होते.

९. पहिला किंवा पुढचा माणूस कधी घ्यायचा?

मान पूर्ण पाण्याखाली जायच्या आधी. हातघाईवर आल्यावर घेतलेला माणूस पहिले काही आठवडे काम वाढवतोच, कारण शिकवायला तुम्हीच असता. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिलेलं निरीक्षण छोट्या कारखान्यालाही लागू आहे: उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. शिवाय चार माणसांत बोलण्याच्या सहा जोड्या होतात, आठ माणसांत अठ्ठावीस. निरोप हरवणारच.

माझा ठोकताळा असा: सलग तीन महिने काम तुमच्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर असेल (प्रश्न १ मधली रांग आठवा), त्या माणसाचा तीन-चार महिन्यांचा पगार बाजूला असेल, आणि त्याला द्यायच्या कामांपैकी निम्म्यांची पानं (प्रश्न ५) तयार असतील, तर घ्या. पहिला माणूस तुमच्यासारखाच घेऊ नका. तुमच्या वहीत दुसऱ्या खुणेची जी कामं सर्वांत जास्त दिसतात, ती आवडीने करणारा घ्या.

१०. किती वेगाने वाढलं तर झेपेल?

पैशाच्या बाजूने एक मोजमाप आहे. रॉबर्ट हिगिन्स यांनी १९७७ मध्ये ते मांडलं. धंद्यात तुमचं स्वतःचं भांडवल १०० आहे, वर्षाचा निव्वळ नफा २० झाला, त्यातले ८ घरी नेले, १२ धंद्यात ठेवले. मार्जिन, कर्जाचं प्रमाण वगैरे आहे तसंच राहिलं तर तुम्ही साधारण १२ टक्क्यांनी वाढू शकता. त्याहून वेगाने वाढलात तर कर्ज तरी वाढेल, नाहीतर कुणाचे तरी पैसे थकतील.

माणसांच्या बाजूने असं सूत्र नाही. तिथे मी एकच गोष्ट बघते: मागच्या वाढीनंतर मालकाचे आठवड्याचे तास पूर्वीच्या जागेवर आले का? आले नसतील तर पुढची पायरी चढू नये. कर्ज काढून मशीन येईल, पण मालकाचे तास कर्जाने मिळत नाहीत.

११. नाही कसं म्हणू? एकदा नाही म्हटलं तर ते परत येणार नाहीत.

आधी कुणाला नाही म्हणायचं ते ठरवा. गेल्या वर्षभरातल्या गिऱ्हाइकांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: किती उरलं, किती दिवसांनी पैसे आले, किती वेळा काम बदलायला लावलं. तळाची दोन-चार नावं बघून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. ती मनात आधीपासून असतात.

त्यांना तोडून टाकायची गरज नाही. "या महिन्यात जागा नाही, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेनंतर घेऊ शकते, दर असा असेल." ज्याला तुमचं काम खरंच हवं असतं तो थांबतो. आमच्याकडचे सतत घासाघीस करणारे दोघे यावर निघून गेले, एक जण नव्या दराने राहिला आणि पुढे आमचा सर्वांत नेमाने पैसे देणारा झाला.

१२. फोन दिवसभर वाजतो. तो बंद कसा ठेवणार?

बंद ठेवू नका, दुसऱ्याच्या हाती द्या. सकाळचे दोन तास फोन सहकाऱ्याकडे. त्याने नाव, काम आणि परत फोन करायची वेळ लिहून घ्यायची. तुम्ही अकरा आणि चार वाजता परत फोन करायचे आणि ती वेळ कधीही चुकवायची नाही. वेळ पाळली जाते हे कळलं की लोक वाट बघतात. एकटेच असाल तर प्रश्न १६ बघा.

१३. चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सुटेल का?

रीत आधी कागदावर चालत असेल तर सॉफ्टवेअर तिला वेग देतं. रीतच नसेल तर गोंधळालाच वेग येतो. बिल आणि वसुलीपासून सुरुवात करा, तिथे फायदा लगेच दिसतो.

१४. मी चार दिवस नसलो तर धंदा थांबेल. मग सुट्टी कशी घेणार?

पायरीपायरीने. पहिल्यांदा एक दिवस जा, कामाचाच दिवस, आणि फोन सोबत ठेवा, पण घ्यायचा नाही. परत आल्यावर काय काय अडलं त्याची यादी करा. ही यादी सोन्यासारखी आहे: धंदा कुठे कुठे तुमच्या एकट्यावर टेकलाय ते तीच दाखवते. प्रत्येक ओळीसाठी एक पान किंवा एक मर्यादा तयार करा. महिन्याने तीन दिवस जा. मग आठवडा.

मी पहिल्यांदा तीन दिवस गेले तेव्हा एक मोठी ऑर्डर चुकीच्या कागदावर छापली गेली. नुकसान झालं आणि मला रडू आलं. पण चूक कागदाच्या गठ्ठ्यांवर नाव न लिहिण्याची होती, आणि ती कधीतरी होणारच होती. त्या दिवसापासून गठ्ठ्यांवर नावं आली.

१५. निम्म्याहून जास्त विक्री एकाच मोठ्या गिऱ्हाईकाला होते. त्याला नाही म्हणता येत नाही, भावही वाढवता येत नाही.

इथे प्रश्न ७ आणि ११ मधले सल्ले जसेच्या तसे लावू नका. एकाच फटक्यात निम्मी उलाढाल जाऊ शकते. आमच्या अशाच एका गिऱ्हाईकाने चार महिने पैसे अडकवले आणि मी पगारासाठी स्वतःचे दागिने ठेवले. त्यानंतर एक नियम केला: नवं काम घेताना आधी त्याच्याबाहेरचं घ्यायचं, मार्जिन थोडं कमी असलं तरी, एकाचा वाटा तीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. याला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर त्या गिऱ्हाईकाकडून भाव मागू नका, पैशांचे दिवस मागा. मोठ्या संस्थेत दर ठरवणारा आणि पैसे सोडणारा विभाग बहुधा वेगळे असतात, आणि दुसऱ्याकडून सवलत मिळणं सोपं असतं. एकूण उधारीची कमाल रक्कमही ठरवा. ती ओलांडली की पुढचा माल आधीचे पैसे आल्यावर.

१६. मला वाढायचंच नाही. एकट्याने नीट चालवायचंय. हे चुकीचं आहे का?

मुळीच नाही, आणि ही इच्छा कुणापुढे लपवू नका. नील चर्चिल आणि व्हर्जिनिया लुईस यांनी १९८३ मध्ये छोट्या धंद्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे धंदा नफ्यात स्थिरावल्यावर, त्यांनी दोन रस्ते दाखवलेत: पुढे वाढणं, किंवा आहे तेवढा धंदा राखून मालकाने आयुष्याकडे वळणं. दोन्ही यशाचेच रस्ते आहेत.

फक्त एकट्याने राहायचं तर दोन गोष्टी पक्क्या हव्यात. ऑर्डरींची संख्या ठरलेली, आणि मागणी वाढली की संख्येऐवजी भाव वाढवायचा (प्रश्न ७). तुम्ही आजारी पडलात तर काम सांभाळेल असा त्याच व्यवसायातला एक विश्वासू माणूसही हवा, ज्याचं काम अडचणीत तुम्ही सांभाळाल.

१७. आमचा धंदा हंगामी आहे. चार महिने मरमर, आठ महिने निवांत. तिथे ८५ टक्क्यांचा नियम कसा लावू?

लावू नका. हंगामात तुम्ही शंभराच्या वर जाणारच. प्रश्न आहे तो किती आठवडे आणि नंतर भरपाई होते का याचा. मंद महिन्यांत तीन कामं करा: पानं लिहा, हंगामी माणसांना आधीच बोलून ठेवा, आणि जे काम लवकर करून ठेवता येतं ते करून ठेवा. हंगाम संपल्याबरोबर दहा दिवसांची सुट्टी हंगाम सुरू व्हायच्या आधीच ठरवा. पैशाचा तक्ता (प्रश्न ८) तेरा आठवड्यांऐवजी वर्षभराचा करा, नाहीतर हंगामातला पैसा मंद महिन्यांचा आहे हे विसरायला होतं.

१८. धंदा माझ्या नवऱ्याचा आहे. ते थांबतच नाहीत, घरी आले तरी डोकं तिकडेच. मी काय करू?

"काम कमी करा" या वाक्याचा उपयोग होत नाही हे तुम्हाला कळलंच असेल. थकलेल्या माणसाला ते दोषारोपासारखं लागतं. त्याऐवजी आकडे विचारा: गेल्या आठवड्यात किती तास झाले? तुमचा पगार धरला तर काय उरतं? यंदा कुठली दोन कामं सोडणार? घरखर्चाची ठरलेली रक्कम धंद्यातून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला यावी असा आग्रह धरा; त्याने धंद्यालाही शिस्त लागते. तुम्ही स्वतः त्यात बिनपगारी राबत असाल तर तुमचेही तास आणि पगार हिशेबात यायला हवेत. भागीदार असाल तर कोण कशावर अंतिम निर्णय घेणार ते लिहून काढा, नाहीतर प्रत्येक निर्णय दोनदा होतो.

१९. हे सगळं वाचायचंही त्राण नाही. धंदा बंद करावासा वाटतो.

मग यातलं काहीही आज करू नका. आज तीन गोष्टी पुरेत. दोन आठवडे नवी ऑर्डर घ्यायची नाही. ज्यांची कामं अडली आहेत त्यातल्या सर्वांत निकडीच्या तिघांना फोन करून खरी तारीख सांगायची. बहुतेक जण तुम्हाला वाटतं त्याहून समजून घेतात. आणि घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला खरी परिस्थिती सांगायची, आकड्यांसकट. मग डॉक्टरांची वेळ घ्या. जगणंच नको असा विचार मनात येत असेल तर तो आत्ताच कुणाला तरी बोलून दाखवा, एकटे राहू नका, आणि आजच डॉक्टरांपर्यंत पोहोचा.

बंद करायचा की नाही हा निर्णय झोप उडालेल्या अवस्थेत करू नका. कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची तारीख टाका. अपवाद एकच: दर महिन्याला घरची शिल्लक धंद्यात ओतली जात असेल तर थांबू नका, याच आठवड्यात हिशेब बघणाऱ्या माणसासोबत बसा, कारण तिथे प्रत्येक महिना महाग पडतो. बाकीच्यांनी त्या तारखेला वही (प्रश्न ३), भावाचं गणित (प्रश्न ७) आणि पैशाचा तक्ता (प्रश्न ८) समोर घेऊन बसावं, सोबत तोच माणूस ज्याला पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. मी बसले तेव्हा समोर माझी बहीण होती. आम्ही दुपारी तीनला सुरुवात केली, आठ गिऱ्हाइकांची नावं खोडली, आणि युनिट त्यानंतर आणखी पाच वर्षं चाललं.